घाम, वास आणि लाज

मराठीत घामाला मान आहे. कष्टाच्या कमाईला आपण घामाचा पैसा म्हणतो, आणि घाम गाळणाऱ्याला त्याचं फळ मिळायला हवं, असं निदान भाषणात तरी मानतो. हा मान घाम शेतात, गिरणीत किंवा आखाड्यात असेपर्यंतच टिकतो. तोच घाम सकाळच्या फास्ट लोकलमधून उतरून ऑफिसच्या खुर्चीवर येऊन बसला, शर्टाच्या काखेत त्याचं ओलं वर्तुळ उमटलं आणि वास शेजारच्या टेबलापर्यंत गेला, की आपल्याला 'घामट' हा शब्द आठवतो. आणि तो शब्द थेट माणसाला चिकटतो.

गेली सव्वीस वर्षं मी डोंबिवलीत स्टेशनजवळ औषधांचं दुकान चालवते. एके काळी लोक ज्या गोष्टी कागदावर लिहून, घडी करून माझ्या हातात देत, त्यांतल्या बऱ्याच आता मोठ्याने मागितल्या जातात. घामावरचा उपाय मात्र अजून हळू आवाजातच मागतात. "ताई, जरा चांगला डिओ द्या, संध्याकाळपर्यंत टिकणारा." असं कोणी म्हटलं की मी एक प्रश्न विचारते: "घामासाठी हवाय, की वासासाठी?" बहुतेक जण गोंधळतात. दोन्ही एकच ना, असा चेहरा होतो.

ते एक नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. घाम जास्त येणं ही एक गोष्ट, अंगाला वास येणं ही दुसरी आणि या दोन्हींची वाटणारी लाज ही तिसरी. तिघींची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे. त्यांची गल्लत झाली की माणूस घामासाठी सुगंध विकत घेतो, वासासाठी पाणी प्यायचं कमी करतो आणि लाजेपायी डॉक्टरकडे जायचं टाळतो.

हा फरक काही आजच कळलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांत 'दौर्गंध्य' आणि 'स्वेदाबाध', म्हणजे दुर्गंधी आणि घामाचा त्रास, हे दोन स्वतंत्र दोष म्हणून मोजले आहेत. आपण मात्र अजून दोन्हींना एकाच पिशवीत कोंबतो.

दोन ग्रंथी, दोन कामं

माणसाच्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेक 'एक्राइन' प्रकारच्या. कपाळ, पाठ, तळहात, तळपाय, काखा, सगळीकडे त्या आहेत आणि जन्मापासून कामावर आहेत. त्यांचा घाम म्हणजे जवळजवळ पाणीच. त्यात थोडं मीठ, थोडं लॅक्टेट, किंचित युरिया. त्यांचं मुख्य काम शरीर थंड ठेवणं. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. यातला 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा. नुसता घाम येऊन उपयोग नसतो, तो हवेत उडून जावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो. शर्टावर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, माझ्या दुकानात डिओची मागणी वाढते त्यामागे हेच गणित आहे.

दुसऱ्या ग्रंथी 'अपोक्राइन'. त्या मुख्यतः काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असतात. लहानपणी त्या निजलेल्या असतात, वयात येताना जाग्या होतात. म्हणून सहावीतल्या मुलाचा खेळून आलेला घाम आणि दहावीतल्या मुलाचा घाम यांतला फरक आईच्या नाकाला कळतो. या ग्रंथींतून येणारा द्रव थोडासाच, पण दाटसर असतो. त्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात.

काखेत या दोन्ही ग्रंथी दाटीवाटीने राहतात, आणि काखेच्या घामाला उन्हाखेरीज आणखी एक मालक असतो, तो म्हणजे मन. आपल्या भाषेला हे फार आधी कळलेलं आहे. उन्हाने घाम येतो, पण भीतीने घाम फुटतो. वातानुकूलित खोलीत मुलाखतीला बसलेल्या मुलाच्या काखा भिजतात, तेव्हा तो दुसऱ्या जातीचा घाम असतो. काखा, तळहात आणि तळपाय त्यात आघाडीवर असतात. शर्ट भिजला हे लक्षात आलं की भीती वाढते, भीतीने घाम वाढतो. 'घाबरू नकोस' हा सल्ला इथे कोणालाच उपयोगी पडत नाही.

वास कोण तयार करतं?

ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. अमेरिकेत वॉल्टर शेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. काखेतला अपोक्राइन घाम जंतूंपासून दूर ठेवला तर त्याला वास येत नाही. त्वचेवरचे जंतू त्याला मिळाले की काही तासांत तो ओळखीचा वास तयार होतो. काखेतले केस काढले आणि ती धुतली, तर वास बराच वेळ येत नाही, हेही त्याच संशोधनात दिसलं.

म्हणजे घाम हा कच्चा माल आणि जंतू हे कारागीर. पुढे या कारागिरांचीही ओळख पटली. १९९१ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी काखेच्या वासातलं एक मुख्य आम्ल वेगळं काढलं. याच कुळातल्या दुसऱ्या एका आम्लाच्या वासाचं वर्णन 'जिऱ्यासारखा' असं केलं जातं. कांद्याची आठवण करून देणारा तिखट वास गंधकाच्या संयुगांचा असतो. तो तयार करायला स्टॅफिलोकॉकस होमिनिस या जंतूला लागणारं विकर २०२० साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी उलगडलं. ही संयुगं अत्यल्प असली तरी नाकाला पुरतात.

कोणाच्या काखेत हा कच्चा माल किती, हे बऱ्याच अंशी जन्मतः ठरतं. 'एबीसीसी११' नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असला की कानातला मळ ओलसर असण्याऐवजी कोरडा होतो. जपानी संशोधकांनी हे २००६ साली दाखवलं. त्याच फरकामुळे काखेचा वासही फार कमी होतो. कोरियात आणि उत्तर चीनमध्ये बहुतेकांच्या कानातला मळ कोरडा असतो. आपल्याकडे दोन्ही प्रकार आढळतात, पण ओलसर मळाची माणसं अधिक. एकाच घरात, एकाच साबणाने आंघोळ करणाऱ्या दोन भावांपैकी एकाला वास येतो आणि दुसऱ्याला येत नाही, याचं उत्तर अनेकदा इथे असतं. तेव्हा 'आंघोळ करत नाही वाटतं' हा शेरा मारण्याआधी थांबावं.

आणखी एक अडचण नाकाची. सतत येणाऱ्या वासाला नाक लवकर सरावतं. त्यामुळे ज्याच्या अंगाला वास येतो त्याला तो बहुधा कळतच नाही. उलटही घडतं. एक मुलगा दर आठवड्याला नवा साबण न्यायचा. दिवसातून चार वेळा आंघोळ करतो म्हणाला. काउंटरच्या अलीकडे मला कधीच काही जाणवलं नाही, त्याच्या आईलाही नाही. आपल्याला वास येतो ही पक्की समजूत हाही एक आजार असतो. त्यावर उपचार मनोविकारतज्ज्ञ करतात, आणि पाचवा साबण तो आजार वाढवतो.

लाजेचा बाजार

घाम थांबवणाऱ्या औषधाचा धंदा कसा उभा राहिला, ही गोष्ट वाचण्यासारखी आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका सर्जनने शस्त्रक्रियेच्या वेळी हातांना घाम येऊ नये म्हणून एक द्रावण तयार केलं होतं. त्यांची मुलगी एडना मर्फी हिने ते काखेला लावून बघितलं, 'ओडोरोनो' असं नाव दिलं आणि १९१२ च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात विकायला ठेवलं. ते आम्लधर्मी होतं. त्वचेची आग व्हायची, कपडे खराब व्हायचे. तरी खप वाढला. काही वर्षांनी मात्र तो अडला. जाहिरात संस्थेने चौकशी केली, तेव्हा कळलं की हे औषध माहीत नसलेली बाई जवळपास नाही, पण बहुतेकींना त्याची गरजच वाटत नाही.

मग जेम्स यंग या जाहिरात लेखकाने गरज तयार केली. १९१९ साली त्याने स्त्रियांच्या एका मोठ्या मासिकात जाहिरात दिली. तिचा आशय असा: तुमच्या काखेला वास येत असेल, तुम्हाला तो कळत नसेल, आणि कोणी तुम्हाला सांगणारही नाही. सुमारे दोनशे वाचकांनी चिडून मासिकाची वर्गणी बंद केली. औषधाचा खप मात्र वर्षभरात ११२ टक्क्यांनी वाढला. नाक सरावतं हे शास्त्र आणि लोक तोंडावर बोलत नाहीत हा समाजाचा स्वभाव, या दोन खऱ्या गोष्टी जोडून त्याने भीती विकली. आजच्या डिओच्या जाहिराती जास्त रंगीत आहेत, एवढाच फरक.

त्या भीतीपोटी आपण काय विकत घेतो, ते डब्यावर वाचावं. 'डिओडरंट' वासावर काम करतो, म्हणजे जंतू कमी करतो किंवा सुगंधाने वास झाकतो. घाम तो थांबवत नाही. 'अँटीपर्स्पिरंट'मध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलीसारखं बूच तयार करतात आणि घाम बाहेर येणं काही काळ कमी करतात. आपल्याकडे 'डिओ' म्हणून मिळणारे बरेचसे फवारे सुगंध आणि अल्कोहोल यांचे असतात. घटकांच्या यादीत ॲल्युमिनियम नसेल, तर घामाने शर्ट भिजणं त्याने थांबणार नाही, कितीही फवारा.

काउंटरवरून सांगते ते

वास हाच त्रास असेल आणि घाम बेताचा असेल, तर बहुतेकदा औषध लागत नाही. काखेला साबण नीट लावून धुवा आणि मग पूर्ण कोरडी करा. ओल्या काखेवर शर्ट चढवणं म्हणजे जंतूंना पाट मांडून देणं. केस बारीक कापा. डिओ लावायचा तर धुतलेल्या, कोरड्या त्वचेवर; दुपारी जुन्या घामावर फवारला की दोन्ही वास मिळून तिसराच होतो. तुरटीचा खडा ओला करून फिरवणं हा आजोबांचा उपाय चुकीचा नाही. तुरटी जंतूंना आवर घालते, त्वचा आवळते. तीही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, पण जास्त घाम तिने थांबत नाही. लिंबू आणि खायचा सोडा मात्र काखेला लावू नका. त्याने सोललेल्या काखा मी पाहिल्या आहेत. नरकचतुर्दशीच्या उटण्यातला वाळा आणि नागरमोथा सुगंध देतात, चोळण्याने मळही निघतो, पण जंतू दुपारपर्यंत पुन्हा कामाला लागतात.

कापडाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या कपड्यांना जास्त उग्र वास आला. वास तयार करणारे काही जंतू पॉलिएस्टरवर चांगले वाढत होते. धुऊन वाळवलेला शर्ट अंगात घातल्यावर अर्ध्या तासात वास मारू लागला, तर दोष त्या दिवसाच्या घामाचा नसतो, शर्टात मुरलेला असतो. असे कपडे उलटे करून भिजवावेत, काखेचा भाग चोळावा, उन्हात वाळवावेत. तरी वास गेला नाही, तर तो शर्ट निवृत्त करावा.

घाम हाच त्रास असेल, तर ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण हा पहिला उपाय, आणि तो लावायची वेळ रात्रीची. लोक सकाळी आंघोळीनंतर लावतात, घाई करत स्टेशन गाठतात आणि 'उपयोग नाही' म्हणून बाटली परत आणतात. झोपेत घामाच्या ग्रंथी शांत असतात, म्हणून बूच तेव्हाच बसतं. झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर, पातळ थर लावा आणि सकाळी धुऊन टाका. ओलाव्याशी संयोग झाला की या द्रावणातून आम्ल तयार होतं आणि आग होते. म्हणून केस काढलेल्या दिवशी किंवा त्वचा सोललेली असताना ते लावू नये. सुरुवातीला रोज रात्री, फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. याने स्तनाचा कर्करोग होतो का, हे मला महिन्यातून एकदा तरी कोणी विचारतं. तसा खात्रीचा पुरावा संशोधनात मिळालेला नाही.

एवढ्याने भागलं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. सहा महिन्यांहून अधिक काळ, दुसरं कारण नसताना, दोन्ही बाजूंना सारखा घाम येत असेल, आठवड्यातून एकदा तरी तसं होत असेल, पंचविशीच्या आत सुरुवात झाली असेल, घरात आणखी कोणाला असेल, झोपेत तो थांबत असेल आणि रोजच्या कामात अडथळा येत असेल, तर डॉक्टर 'हायपरहायड्रोसिस'चा विचार करतात. यातली सगळी लक्षणं असायला लागत नाहीत. बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं काखेत दिली की साधारण सहा महिने घाम खूप कमी होतो. अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली. ती महाग असतात. पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत, पण त्या सगळ्याच अंगाचा घाम कमी करतात. तोंड कोरडं पडतं, आणि उन्हात काम करणाऱ्याला उष्माघाताचा धोका वाढतो. छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण तिच्यानंतर पाठीला किंवा पोटाला भरपाईचा घाम सुटू शकतो.

घाम अचानक, मोठ्या वयात सुरू झाला, रात्री झोपेत अंथरूण भिजू लागलं, वजन उतरलं, छाती धडधडू लागली, तर डिओच्या फळीकडे बघूच नका. थायरॉइड, क्षयरोग, मधुमेहात साखर खाली जाणं, रजोनिवृत्ती, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांतलं काहीही असू शकतं. बँकेत काम करणारी एक बाई चार महिने माझ्याकडून वेगवेगळे डिओ नेत होती. झोपेतही घाम येतो, असं तिने एकदा सहज सांगितलं. मी तिला डॉक्टरकडे जायला लावलं. थायरॉइड वाढलेला निघाला. चार महिने तिने ऑफिसात रोज एक जादा कुर्ता नेला होता, आणि हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

ऑफिसातली जबाबदारी कोणाची?

इथपर्यंतचे उपाय एकट्याने करायचे. पण कामाच्या जागेचा घाम एकट्याचा नसतो.

एका गृहसंकुलातला रखवालदार मला आठवतो. रहिवाशांनी त्याच्या वासाची तक्रार केली, एजन्सीने त्याला ताकीद दिली. पगारातून तो महिन्याला दोन डिओ घ्यायचा. बारा तासांची पाळी, जाड पॉलिएस्टरचा गणवेश आणि तोही एकच जोड. रात्री धुतला तर पावसाळ्यात सकाळी ओलाच असायचा. त्याला माझ्या दुकानातलं काहीच नको होतं, दुसरा शर्ट हवा होता. आणि तो मागितला तर पगारातून पैसे कापतील, ही भीती होती. पुढे त्याच इमारतीतल्या एका बाईंनी सोसायटीच्या सभेत दुसऱ्या गणवेशाचा विषय काढला. मंजुरीला चार महिने लागले. त्यानंतर तक्रार आल्याचं मी ऐकलं नाही.

आपल्या कायद्याने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४२व्या कलमात कामगारांसाठी धुण्याची पुरेशी सोय हवी असं म्हटलं होतं, आणि ४३व्या कलमात कपडे ठेवायला व ओले कपडे वाळवायला जागा देण्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता. कारखान्यातल्या माणसाला घाम येतो, हे कायद्याने मान्य केलं. पार्सल पोहोचवणारा मुलगा, दारोदार फिरणारा विक्रेता, मॉलच्या दारातला रखवालदार यांना घाम येत नाही, अशी मात्र आपली समजूत दिसते. एसीच्या खोलीत वास कोणाचा येतो, तर जो उन्हातून येतो त्याचा. एसीचं बटण त्याच्या हातात नसतं.

राहिला प्रश्न सांगायचा. एका ऑफिसात कामाला असलेल्या मुलीच्या टेबलावर कोणीतरी निनावी डिओचा डबा ठेवला होता. तो डबा घेऊनच ती माझ्याकडे आली होती आणि हा बदलून दुसरा मिळेल का, असं विचारत होती. त्या डब्यात अँटीपर्स्पिरंट नव्हतंच. म्हणजे अपमानही झाला आणि उपायही नाही. सांगायचंच असेल तर एकाने, एकट्यात, दिवसाच्या शेवटी सांगावं. "तुला एक सांगायचंय, मला कोणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं" इतकं पुरतं. 'सगळे म्हणतात' हे शब्द टाळावेत. आंघोळीवर प्रवचन देऊ नये, कारण कारण जनुकात, थायरॉइडमध्ये किंवा कापडात असू शकतं. आणि सगळ्यांना स्वच्छतेचा ईमेल पाठवणं हा तर भ्याडपणा आहे. ज्याच्यासाठी तो असतो त्यालाही कळतं आणि इतर पंधरा जण आपापल्या काखा हुंगतात.

ऑफिस चालवणाऱ्यांनी करण्यासारखं फार खर्चाचं नाही. गणवेश सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेल्या कापडाचा, आणि दोन जोड. प्रसाधनगृहात साबण, आतून लागणारी कडी आणि कपडे अडकवायला दोन खुंट्या. बाहेरून आलेल्या माणसाला दहा मिनिटं पंख्याखाली बसू द्यायची मुभा. एवढं झालं, तर माझ्याकडचे थोडे डिओ कमी खपतील. माझी त्याला हरकत नाही.